यॉम मिस्त्रींच्या सहली

सोंगपो बंदरात एप्रिल उजाडला की लोक यॉम मिस्त्रींना हटकून विचारत, "काय मिस्त्री, यंदा कुठली सहल?"

मिस्त्री हसल्यासारखं करत आणि बादलीतली खळ ढवळत राहत. विचारणाऱ्यांतले काही नुसते टवाळ होते, काहींना खरंच हेवा वाटत असावा. दहा तारीख आली की गल्लीच्या तोंडाशी निळी मोटार उभी राही, त्यात मिस्त्रींना बसवत आणि चार दिवसांनी आणून सोडत. कधी गरम पाण्याचे झरे, कधी डोंगरातला मठ. खोली, जेवण, सगळं सरकारी. कारण गल्लीत कुणापासून लपलेलं नव्हतं. बारा एप्रिलला मिस्त्रींची थोरली मुलगी इन-सुन वारली होती. त्या दिवशी बाप तिच्या कबरीपाशी दिसू नये, एवढ्यासाठी ही सगळी बडदास्त.

यॉम दल-गू कागदाचे कारागीर. भिंतींना कागद डकवायचा, जमिनीला तेलकागद चढवायचा, आणि थंडीआधी सरकत्या दारांचे फाटके कागद खरवडून नवे ताणून बसवायचे, हा त्यांचा धंदा. खळ ते स्वतः शिजवत, दुसऱ्याच्या हातची त्यांना चालत नसे. बायको क्षयानं गेली तेव्हा इन-सुन नऊ वर्षांची होती आणि धाकटी हे-रान सहाची. दोघींना त्यांनी एकट्यानं वाढवलं. इन-सुन सतराव्या वर्षी राजधानीजवळच्या एका सूतगिरणीत लागली. तिच्या पगारावर हे-रान शिकली आणि पुढे एका सरकारी शाळामास्तराला दिली.

गिरणीत इन-सुन बायकांच्या युनियनची अध्यक्ष झाली. सणाला घरी आली तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "काय गं, पुढारी झालीस म्हणे?"

"पुढारी कसली बाबा! शिव्या खायला कुणीतरी पुढं उभं राहावं लागतं, म्हणून पुढारी."

"मागं उभं राहिलं तर चालत नाही?"

"मागच्यांना पण बसतातच. मग निदान पुढून दिसतं तरी, कुठून येतायत ते."

मिस्त्रींनी तिला जास्त काही विचारलं नाही. सैन्याचं राज्य होतं, बोलायचे दिवस नव्हते. पुढे वरून हुकूम निघाला की असल्या युनियन बरखास्त करा. इन-सुन आणि तिच्या मैत्रिणी सूतकताईच्या खात्यात ठाण मांडून बसल्या. पाचव्या दिवशी दार फोडून माणसं आत शिरली. ती पोलीस होती की भाडोत्री गुंड, हे नंतरही कुणी कबूल केलं नाही. ही एक्क्याऐंशी सालची गोष्ट. इन-सुन पंचवीस वर्षांची होती.

मिस्त्रींना न्यायला दोन सुटाबुटातली माणसं आली. सहा तासांच्या प्रवासानंतर त्यांना एका इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर नेलं. मुलगी खाली होती, पण आधी चहा पुढे आला, मग एक छापील कागद आला. मुलीचं हृदय जन्मापासून कमजोर होतं, शवविच्छेदन नको, कुणाविरुद्ध तक्रार नाही, आजच्या आज गावी नेऊन पुरतो, असं त्यावर लिहिलेलं होतं.

"तिचं हृदय चांगलं होतं," मिस्त्री म्हणाले.

"असतं असं, कळत नाही," समोरचा शांतपणे म्हणाला. "शिक्का मारा आणि मुलीला घेऊन जा. नाही मारलात तर चिरफाड होईल, चौकशी होईल, महिना जाईल, दोन जातील. तुमचे जावई सरकारी शाळेत आहेत ना? बाई गरोदर आहेत म्हणे."

मिस्त्रींनी खिशातून सहीऐवजी वापरायचा नावाचा शिक्का काढला आणि मारला.

गावी आणल्यावर त्यांनी आणि शेजारच्या भाकऱ्यांच्या दुकानातल्या नाम आजींनी मिळून मुलीला अंघोळ घातली. हे-रानला पोलिसांनी येऊ दिलं नाही. गरोदर बाईनं प्रेत पाहू नये, हे निमित्त आयतं होतं. भिंतीवर नुसता डाग दिसला तरी ओल कुठून मुरलीय हे मिस्त्री सांगू शकत. मुलीच्या डाव्या काखेपासून कमरेपर्यंत काळंनिळं पडलं होतं, बरगड्या हाताखाली हलत होत्या, मानेच्या वर मागं कवटी मऊ लागत होती. दाराबाहेर चार माणसं सिगारेटी ओढत उभी होती. नाम आजी तोंडात फडक्याचा बोळा कोंबून पाणी ओतत राहिल्या. दुपारी टेकडीवर मातीचा उंचवटा झाला आणि मोटारी निघून गेल्या.

पुढच्या एप्रिलला पहिली सहल निघाली.

न्यायला आला तो गुक नावाचा साध्या वेषातला हवालदार. चाळिशीचा, ढेरपोट्या, बोलका. एरवीही तो दर सोमवारी मिस्त्रींकडे येई, ओट्यावर बसून जवाचा चहा पिई, कोण आलं, कोण गेलं विचारी आणि वहीत टिपून घेई. त्या दिवशी मात्र त्यानं मोटारीचं दार उघडून धरलं.

"चला काका. हवापालट. लोक तरसतात असल्या सहलीला."

"मला टेकडीवर जायचंय, साहेब."

"टेकडी कुठं पळून जातेय? तेरा तारखेनंतर रोज जा. मी स्वतः सोबत येतो, दारू पण आणतो. फक्त बाराला नको. गिरणीच्या त्या पोरी येणार, भाषणं करणार, कुणीतरी फोटो काढणार. तुमचे जावई चांगले माणूस आहेत. शाळेत नाव आहे त्यांचं."

मिस्त्री बसले. मोटार गावाबाहेर पडली आणि त्यांना एक गोष्ट जाणवली. तिचा पुढे कित्येक वर्षं त्यांना उच्चार करता आला नाही. त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या पोरींसमोर उभं राहायचं म्हणजे त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचा, आणि त्यांनी विचारलं असतं, बाबा, तुम्ही त्या कागदावर शिक्का का मारलात? पोरींना ते ठाऊक नसेल, अशी आशा एकीकडे होती. दुसरीकडे, ठाऊक नाही म्हणूनच त्या आपल्याला बाबा म्हणतात, हे सलत होतं. गुक त्यांना त्या प्रश्नापासून लांब नेत होता. पहारेकऱ्याचे आभार मानावेसे वाटणं, यासारखी लाज मिस्त्रींनी जन्मात अनुभवली नव्हती.

त्यांनी गुकच्या समोर बसून भाजलेला मासा खाल्ला. घास तोंडात फिरत राहिला, गिळेना. गुक म्हणाला, "काटा आहे का, काका?" मिस्त्रींनी मान हलवली.

गिरणीतल्या बायका दरवर्षी येतच होत्या. इन-सुनबरोबर ठाण मांडून बसलेल्या, कामावरून काढलेल्या, नाव काळ्या यादीत गेल्यामुळे कुठल्याच गिरणीत न लागणाऱ्या. टेकडीच्या पायथ्याशी पोलीस त्यांना अडवत. मग त्या मिस्त्रींच्या बंद घराशी येत, दारापुढे वाकून नमस्कार करत, फळं आणि भाकऱ्या नाम आजींकडे ठेवून जात. परत आल्यावर मिस्त्री ती फळं बघत. एका वर्षी नाशपाती घरातच सडून गेल्या, पण त्यांनी त्यांना हात लावला नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांनी नेट धरला. मोटारीत बसणार नाही म्हणून दाराच्या चौकटीला धरून राहिले. गुकनं आवाज चढवला नाही. त्यानं फक्त खिशातून हे-रानच्या पोराचा, मिस्त्रींच्या नातवाचा, अंगणात खेळतानाचा फोटो काढला आणि म्हणाला, "गोड आहे हो. आजोबांवर गेलाय." मिस्त्रींनी चौकट सोडली.

त्या वर्षी गुकनं त्यांना डोंगराच्या कुशीतल्या एका गरम झऱ्याच्या गावी नेलं. खानावळवजा धर्मशाळा होती, मालकीण विधवा होती, जिभेनं तिखट. चार दिवस खोलीबाहेर पडायची मनाई. पहिल्या दिवशी मिस्त्री भिंतीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी मालकीण जेवण घेऊन आली, तेव्हा म्हणाले, "बाई, तुमच्या दारांची लाज वाटते मला."

"मग डोळे मिटा. मलाही वाटते, पण कारागीर आणू कुठून?"

"कागद असेल तर द्या. आणि पीठ. खळ मी शिजवतो."

गुकला त्यात वावगं दिसलं नाही. म्हातारा गुंतून राहतोय, बरंच आहे. दोन दिवसांत मिस्त्रींनी खोलीत बसूनच सहा दारं नवी केली. काम करता करता, पाठमोरं बसून, त्यांनी मालकिणीला सांगितलं की आपण इथे का आहोत. गिरणीच्या पोरींबद्दल सांगितलं, नाम आजींच्या दुकानात त्या वस्तू ठेवून जातात तेही सांगितलं. मालकीण ओल्या फडक्यानं चौकटी पुसत होती.

पुढच्या वर्षी, पंच्याऐंशी साली, गुकनं आठवडाभर आधी फोन करून त्याच धर्मशाळेत खोल्या सांगितल्या. जेवण चांगलं होतं आणि नवी जागा शोधायचा त्याला कंटाळा होता. तो फोन ठेवल्यावर मालकिणीनं तो पुन्हा उचलला आणि एक्स्चेंजकडे सोंगपोच्या नाम आजींच्या दुकानाचा नंबर मागितला.

बारा एप्रिलला जेवणं झाल्यावर गुक आणि ड्रायव्हर बाहेरच्या खोलीत पत्ते कुटत बसले. मालकिणीनं त्यांच्यापुढे भाजलेली वाम आणि तांदळाच्या दारूची किटली ठेवली. मिस्त्री आतल्या खोलीत होते. शेजारच्या खोलीत बायकांचा घोळका शिरला, ओले केस, टॉवेल, खिदळणं. झऱ्यावर अंघोळीला आलेली कुणी मंडळी असतील. मग खिदळणं हळूहळू थांबलं आणि मधल्या कागदी दारापलीकडून दबका आवाज आला.

"बाबा. मी ओक-बुन. इन-सुनताईच्या शेजारच्या यंत्रावर होते."

मिस्त्री दाराशी सरकले. पलीकडे सावल्या दिसत होत्या, बसलेल्या, खांद्याला खांदा लावून.

"किती जणी आहात?"

"अकरा. टेकडीवर जाऊ देत नाहीत, म्हटलं तुमच्याकडेच यावं. दार उघडू का?"

"नको," मिस्त्री घाईनं म्हणाले. "उघडू नका. मला आधी एक सांगायचंय. तोंड दिसलं तर सांगता येणार नाही." आणि त्यांनी सांगितलं. वरच्या मजल्यावरचा चहा, छापील कागद, शिक्का. "तुमच्या ताईला मी विकलं पोरींनो. प्रेताच्या बदल्यात."

बाहेर गुक पत्ता आपटून मोठ्यानं हसला.

"आम्हाला ठाऊक आहे, बाबा," ओक-बुन म्हणाली. "तिसऱ्या दिवशी कोठडीत त्यांनी आम्हाला तो कागद वाचून दाखवला होता. बापानंच मान्य केलंय, आता तुम्ही कशाला भांडता, म्हणून."

"ठाऊक होतं? आणि तरी दरवर्षी येत होता?"

"मीपण मारला शिक्का," दुसरा एक आवाज म्हणाला, चिरका, वयानं लहान. "युनियन सोडते म्हणून. माझ्या आईला आणून बसवलं होतं समोर."

"मी पण," आणखी कुणीतरी म्हणालं.

मिस्त्रींनी कपाळ दाराच्या चौकटीला टेकलं. चार वर्षं ज्या नजरेच्या भीतीनं ते मोटारीत बसत आले होते, ती नजर नव्हतीच. आत काहीतरी सुटलं आणि पाठोपाठ राग आला, पोलिसांचा नव्हे, स्वतःच्या चार वर्षांचा.

"वही आहे का कुणाकडे?" त्यांनी विचारलं.

दार वीतभर सरकलं. ओक-बुनचा हात वही घेऊन आत आला. मिस्त्री सांगत गेले आणि ती लिहीत गेली. काख, बरगड्या, कवटी, मनगटावरचे वळ. किती बोटं रुंद, कुठल्या रंगाचे. अंघोळ घालणारा बाप म्हणून मी हे पाहिलं आणि तो शिक्का मी धाकानं मारला, असं शेवटी लिहिलं. शिक्का घरी होता. चिरक्या आवाजाच्या त्या पोरीनं लिपस्टिक काढली, मिस्त्रींच्या अंगठ्याला फासली आणि त्यांनी अंगठा उमटवला.

बायका जशा आल्या तशा खिदळत निघून गेल्या. तासाभरानं गुक आत आला. दारूनं चेहरा लाल झाला होता, पण नजर कामाची होती. त्यानं मिस्त्रींचा लाल अंगठा पाहिला. मग मधल्या दाराकडे पाहिलं. मग खाली बसला.

"काका, काय केलंत हे?"

मिस्त्रींनी अंगठा मुठीत मिटला.

"मी वाईट वागलो का कधी तुमच्याशी? हात लावला? मला दोन मुलं आहेत हो!"

"मलाही दोनच होत्या," मिस्त्री म्हणाले.

गुक बराच वेळ जमिनीच्या तेलकागदाकडे बघत बसला. त्यानं मोटार काढून बायकांच्या बसमागे जायला हवं होतं, फोन तरी करायला हवा होता. त्यानं केला नाही. दया आली म्हणून, की हे आपल्या नाकाखाली घडलं हे वरिष्ठांना कळू नये म्हणून, ते मिस्त्रींना कधीच समजलं नाही. "अंगठा धुवा," एवढंच तो म्हणाला आणि उठला.

तीन आठवड्यांनी ते निवेदन छापून चर्चमधून, कॉलेजांतून, गिरण्यांच्या दारांवरून वाटलं गेलं. मिस्त्रींना अफवा पसरवल्याबद्दल उचललं. एकोणतीस दिवस ठेवलं. हे मी म्हटलंच नाही असं लिहून द्या, म्हणून उभं केलं, झोपू दिलं नाही. बासष्ट वर्षांच्या माणसाचे पाय सुजून भोपळ्यासारखे झाले. त्यांनी लिहून दिलं नाही. हे फार मोठं धैर्य होतं असं त्यांना वाटलं नाही. एकदा लिहून दिल्यावर काय होतं ते त्यांनी भोगलेलं होतं, एवढंच. गुकची बदली झाली आणि तो पुन्हा दिसला नाही.

आणि जावयाचीही बदली झाली, दूरच्या एका बेटावरच्या शाळेत. तिथे बोट आठवड्यातून दोनदा जाई. निघायच्या आदल्या दिवशी हे-रान आली, चपला न काढता दारातच उभी राहिली.

"झालं समाधान?"

"आत ये."

"पोराला दमा आहे, बेटावर डॉक्टर नाही. हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"होतं."

"मेलेल्या मुलीसाठी जित्या मुलीला बुडवलंत, बाबा. ताई होती तेव्हाही घरात तिचंच, नसतानाही तिचंच." तिचा आवाज फुटला. "मला भेटायला येऊ नका. तुम्ही याल तिथे तुमच्यामागून ते येतील."

ती म्हणत होती त्यातला शब्दही खोटा नव्हता.

त्यानंतर सहली बंद झाल्या. आता एप्रिलमध्येच नव्हे, वर्षभर दोन पोलीस पुढच्या दाराशी आणि एक मागच्या भिंतीशी बसत. कुणी विनोद करत नव्हतं, कामही कुणी देत नव्हतं. ज्यांच्या घरांना त्यांनी तीस वर्षं कागद लावले, ते आता रस्ता ओलांडून जात. घरात बसून मिस्त्री स्वतःचीच दारं खरवडत आणि पुन्हा लावत. एकाच वर्षात त्यांनी मधलं दार तीनदा नवं केलं. टेकडी खिडकीतून दिसत असे.

मग सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात देशभर माणसं रस्त्यावर आली, गिरण्या-कारखाने बंद पडले, वरच्यांना नमतं घ्यावं लागलं. सोंगपोत एवढंच झालं की एका सकाळी दाराशी कुणी नव्हतं. मिस्त्री दुकानापर्यंत गेले आणि परत आले. रस्त्यात दोनदा थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. मागून कुणी येत नाही, याची पायांना सवय राहिली नव्हती.

अठ्ठ्याऐंशीच्या बारा एप्रिलला ते टेकडीवर चढले. अकराही जणी आल्या होत्या, काही पाठीशी पोरं बांधून. दगड बसवला. त्यावर काय कोरायचं यावरून वाद झाला होता. कुणी 'शहीद' म्हणालं, कुणी 'कामगारांची भगिनी'. मिस्त्रींनी ऐकलं नाही. दगडावर नाव, वय आणि खाली 'मारहाणीत मृत्यू. पाहणारा, बाप यॉम दल-गू' एवढंच कोरलं. कुणालाही शिक्षा झालेली नव्हती, पुढेही झाली नाही. निदान दगड तरी खोटं बोलू नये, असं ते म्हणाले.

दारू ओतून, नमस्कार करून झाल्यावर ओक-बुन त्यांच्या कानाशी वाकली. "बाबा, खाली बसथांब्यावर हे-रानताई आहे. मघापासून आहे."

मिस्त्री काठी टेकत खाली उतरले. हे-रान टेकडीकडे पाठ करून बाकावर बसली होती, मांडीवर जेवणाचा डबा होता. तीन वर्षांत तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. मिस्त्री हातभर अंतर सोडून बसले.

"पोरगा बरा आहे?"

"बरा आहे. बेटावरची हवा मानवली, म्हणतात मास्तर." तिनं डब्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "मी वर येणार नाही. आज नाही."

"बरं."

"अजून राग आहे माझा."

"असू दे."

मग ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, "ते छापलेलं मी वाचलं नाही कधी. सगळ्या देशानं वाचलं, मी नाही वाचलं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तिला... फार लागलं होतं का, बाबा?"

मिस्त्रींनी अकराजणींना सांगितलं होतं, कोठडीत फौजदारांना सांगितलं होतं. या मुलीला सांगायचं राहून गेलं होतं. त्यांनी काठी बाजूला ठेवली, तिचा हात हातात घेतला आणि पाण्याच्या पहिल्या तांब्यापासून सांगायला सुरुवात केली.

बंदराकडे जाणारी बस आली, थांबली आणि निघून गेली. नंतरच्या बसलाही दोघांपैकी कुणी उठलं नाही.